काडतुसे गेली कुठे?



गेल्या जिल्हा बैठकीत विषय होता रानडुकरांचा आणि रोह्यांचा. ज्वारी हुरड्यावर आली की एका रात्रीत अर्धा एकर आडवा होतो, हे तुम्हाला सांगायला नको. बोलता बोलता एक तरुण कार्यकर्ता उठला आणि म्हणाला, "आपण अर्ज करत बसतो. अमेरिकेत कास्तकार बंदुकीच्या गोळ्या किराणा आणतात तशा दुकानातून आणतो." त्याचे बोलणे संपायच्या आत मागच्या ओळीतून दुसरा ओरडला, "तिथेही सरकारने सगळ्या गोळ्या विकत घेतल्या अन् दुकाने रिकामी केली. मोबाईलवर आलं आहे."

टाळ्या दुसऱ्याला पडल्या. मीही वाजवल्या. सरकारने अमुक गिळले म्हटले की आपले हात आपोआप जुळतात, इतके अनुभव आपण घेतले आहेत. घरी आल्यावर मात्र मनाला टोचणी लागली. उत्पादनखर्चाचा प्रश्न आला की आपण सरकारला आकडे मागतो. इथे मात्र एकानेही विचारले नाही की किती गोळ्या, कोणत्या साली, कोणत्या खात्याने, आणि एकूण पिकतात किती? म्हणून हे प्रकरण मुळापासून वाचून काढले. गोष्ट अमेरिकेची आहे, पण तिच्यातली माणसे तुम्हाला ओळखीची वाटतील.

आधी हे सांगतो की ही गोष्ट आपल्यासारख्या कास्तकाराचीही आहे. टेक्सास राज्याच्या पश्चिमेला लबक शहराच्या आसपास लाखो एकरांवर कापूस आणि ज्वारी होते, आणि त्यातली बरीच जमीन कोरडवाहू आहे. पाऊस रुसला की तेही आपल्यासारखेच आभाळाकडे बघतात. त्या राज्यात रानटी झालेल्या डुकरांचा उच्छाद आहे. साऱ्या अमेरिकेत अशी डुकरे साठ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. फरक एवढाच, की तिथल्या शेतकऱ्याला स्वतःच्या रानातले डुक्कर मारायला कुणाचे पाय धरावे लागत नाहीत. २०१९ पासून तर टेक्सासात खासगी जमिनीवर रानडुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. डुकराला मोठी गोळी लागते. पण कोठारातला उंदीर, बांधावरचा साप, बिळे करून जमीन पोखरणारी खार, कोंबड्यांवर टपलेले रॅकून यांच्यासाठी जवळपास प्रत्येक शेतघरात पॉइंट टू-टूची हलकी रायफल असते. तिची गोळी सर्वांत स्वस्त. २०१२ पर्यंत एका गोळीला चार-पाच सेंट पडत. पाचशे गोळ्यांच्या खोक्याला तिकडे 'वीट' म्हणतात. ती वीस-पंचवीस डॉलरला, खिळे-चुका मिळतात तशी सहज मिळे.

२०१३ उजाडले आणि ही वीट बाजारातून गडप झाली. वॉलमार्टसारख्या प्रचंड दुकानानेही जानेवारीपासून माणशी दिवसाला तीनच खोकी असे रेशन लावले. माल उतरायच्या दिवशी लोक पहाटेपासून रांगा लावू लागले. गावोगावच्या पोलिसांना सरावाच्या गोळ्यांसाठी महिनोन्महिने थांबावे लागले. पाच सेंटची गोळी दहाला, पंधराला, दलालाकडे त्याहूनही वर गेली. नंतर मोठ्या रायफलींच्या गोळ्या मिळू लागल्या, पण ही बारकी गोळी पुढची दोन-तीन वर्षे हाताला लागत नव्हती.

लोक विचारू लागले, माल गेला कुठे? उत्तर तयारच होते. सरकारने घेतला.

उत्तराला आधारही होता. मार्च २०१२ मध्ये एका कारखान्याने जाहीर केले होते की अंतर्गत सुरक्षा पाहणारे होमलँड सिक्युरिटी खाते आपल्याकडून पाच वर्षांत ४५ कोटींपर्यंत गोळ्या घेणार आहे. मग लोकांनी त्या खात्याच्या साऱ्या निविदा शोधल्या, बेरीज केली आणि १६० कोटींचा आकडा काढला. एवढ्या गोळ्या परदेशात लढणाऱ्या लष्कराला नव्हेत, देशात काम करणाऱ्या खात्याला! मग कुणाविरुद्ध वापरणार, हा प्रश्न आलाच. त्याच वर्षी निवृत्तिवेतन देणाऱ्या सोशल सिक्युरिटीच्या कचेरीने १ लाख ७४ हजार गोळ्या मागवल्या. आणि ऑगस्टमध्ये कहर झाला. चक्क हवामान खात्याच्या नावाने ४६ हजार गोळ्यांची मागणी निघाली. आपल्या हवामान खात्याने काडतुसे मागवली असती तर आपण काय म्हटलो असतो? चुकलेल्या अंदाजाचा जाब विचारायला येणाऱ्यांसाठी ही सोय आहे, असेच म्हटलो असतो.

पुढे खुलासे झाले. हवामान खात्याचे नाव कारकुनाच्या चुकीने पडले होते. गोळ्या त्याच छत्राखालच्या मासेमारी नियंत्रण विभागाच्या सशस्त्र अधिकाऱ्यांसाठी होत्या. निवृत्तिवेतनाच्या कचेरीत तेव्हा घोटाळे पकडणारे २९५ तपास अधिकारी होते. भागाकार केला तर माणशी ५९० गोळ्या येतात, आणि त्या वर्षभराच्या नेमबाजीच्या सरावासाठी. बंदूकधारकांची तिथली सर्वांत मोठी संघटना सरकारच्या बाजूची मुळीच नाही. पण तिनेही ऑगस्ट २०१२ मध्येच आपल्या सभासदांना बजावले की खरे धोके पुरेसे आहेत, खोटे शोधत बसू नका. तिचे फारसे कुणी ऐकले नाही.

आता १६० कोटींचे. निविदेत लिहिलेले असते 'कमाल इतक्यापर्यंत'. आपल्याकडे सरकारी खाती रेट कॉन्ट्रॅक्ट करतात, तसलाच हा प्रकार. भाव आज ठरतो, माल लागेल तसा उचलायचा, आणि कमाल आकडा वर लिहून ठेवायचा. तो सगळा माल उचलला जातोच असे नाही. पाच वर्षांच्या कमाल मर्यादांची बेरीज करून ती यंदाची खरेदी म्हणून सांगणे म्हणजे किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा वाचून शेतकऱ्याच्या खिशात तेवढी रोकड आहे असे म्हणण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष खरेदी किती झाली? तिथल्या संसदेचे हिशेब तपासणारे कार्यालय आहे, आपल्या 'कॅग'सारखे. त्याने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. होमलँड सिक्युरिटी खात्याने २०१३ च्या आर्थिक वर्षात ८ कोटी ४० लाख गोळ्या घेतल्या. ही खरेदी आदल्या पाचही वर्षांपेक्षा कमी होती. म्हणजे ज्या वर्षी दुकाने रिकामी झाली, त्याच वर्षी त्या खात्याची खरेदी घटलेली होती. सशस्त्र कर्मचारी सत्तर हजारांवर. माणशी वर्षाला बाराशेच्या आसपास गोळ्या पडतात. कोठारात शिल्लक होती १५ कोटी ९० लाख, सुमारे बावीस महिने पुरेल एवढी.

आणि देशात पिकतात किती? कारखानदारांचाच अंदाज त्या काळात वर्षाला आठशे ते हजार कोटी गोळ्यांचा होता. आठशे कोटीत साडेआठ कोटी म्हणजे शंभराला एक. शंभर पोत्यांतले एक पोते नेणाऱ्याने गावात दुष्काळ पाडला, हे कोणता अडत्या मान्य करेल? शिवाय या खात्याच्या मागण्या मुख्यतः पिस्तुलाच्या गोळ्यांच्या होत्या. सर्वांत जास्त टंचाई झाली ती शेतघरातल्या बारक्या गोळीची. तिच्यासाठी सरकार गिऱ्हाईक म्हणून जवळपास नव्हतेच.

मग माल खाल्ला कुणी?

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाउन गावच्या प्राथमिक शाळेत एका तरुणाने गोळीबार केला. वीस लेकरे आणि शाळेतल्या सहा मोठ्या व्यक्ती मारल्या गेल्या. सारा देश हादरला. १६ जानेवारी २०१३ ला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी बंदूकविक्रीवर नवे निर्बंध सुचवले. त्या लेकरांच्या आईबापांच्या दुःखाबद्दल किंवा त्या निर्बंधांच्या बरे-वाईटाबद्दल इथे बसून निवाडा देण्याचा मला अधिकार नाही. मला बाजारात काय झाले तेवढेच पाहायचे आहे. उद्या मिळणार नाही, अशी भीती लोकांच्या मनात बसली. बंदूक घेणाऱ्याची केंद्रीय पोलिसांकडून तपासणी होते. एकट्या डिसेंबर २०१२ मध्ये अशा २७ लाख ८० हजार तपासण्या झाल्या. तोवरच्या कोणत्याही महिन्यात इतक्या झाल्या नव्हत्या. बंदूक घेणारा गोळ्या घेतोच. ज्याच्याकडे आधीपासून बंदूक होती, त्यानेही एका विटेऐवजी पाच विटा उचलल्या. अशा कोट्यवधी घरांनी पाचपट उचल केल्यावर कोणता कारखाना पुरा पडेल? रात्रंदिवस तीन पाळ्या चालवूनही पडला नाही.

गंमत पाहा. तो कायदा झालाच नाही. १७ एप्रिल २०१३ ला सिनेटमध्ये प्रस्ताव पडला. टंचाई मात्र राहिली, कारण आता लोक सरकारला नव्हे, टंचाईलाच भिऊन साठा करत होते.

हे वाचताना मला बी.टी. कपाशीच्या पाकिटांचा एक मोसम आठवला. एका वाणाची पाकिटे कमी येणार अशी आवई उठली. मला चार पाकिटे लागत होती. रांगेत उभा राहून आठ घेतली, दोन मेहुण्याच्या सात-बारावर. माझ्या मागचा तेच करत होता. त्याच्या मागे उभा असलेला अल्पभूधारक, ज्याला एकच पाकीट हवे होते, तो संध्याकाळी रिकाम्या हाताने गेला. दुकानदाराने काळाबाजार केला तो केलाच. त्याला छापील किमतीचा पडदा मिळाला होता आणि तो त्याने पुरेपूर वापरला. पण पाकिटे कमी पडली त्यात माझीही चार होती. त्यातली तीन पाकिटे पुढे कित्येक दिवस फळीवर धूळ खात होती.

छापील किमतीचा मुद्दा अमेरिकेतही आहे, फक्त तिथे किंमत सरकारने छापलेली नव्हती. मोठ्या दुकानांनी स्वतःच्या अब्रूपायी जुने भाव ठेवले. गिऱ्हाईक 'नडलेल्याला लुटतात' म्हणेल ही भीती. त्याचा परिणाम असा की ज्याला सकाळी सहाला रांगेत उभे राहायला सवड आहे, तो पंचवीस डॉलरची वीट उचलायचा आणि दुपारी दुप्पट-तिप्पट किमतीला विकायचा. दिवसभर ट्रॅक्टरवर असलेल्या शेतकऱ्याला ती सवड कुठली? भाव दाबला की माल गरजवंताकडे जातो, हे आपल्याला शाळेपासून शिकवले गेले. माल जातो रिकामटेकड्याकडे. दुकानांनी सुरुवातीलाच भाव दीडपट केले असते तर शिव्या खाल्ल्या असत्या, पण पाच विटा उचलणाऱ्याने दोनच उचलल्या असत्या. हे माझे मत आहे, आणि आपल्यातल्या काहींना ते रुचणार नाही याची कल्पना आहे.

कारखाने का वाढवले नाहीत, असाही प्रश्न येतो. या बारक्या गोळीची यंत्रे वेगळी. तिची ठिणगीची दारू बुडाच्या कडेत भरलेली असते, ती इतर गोळ्यांच्या यंत्रावर होत नाही. नवी यंत्रे टाकायला पैसा आणि वेळ दोन्ही लागतात. २००८ मध्ये ओबामा निवडून आले तेव्हाही असाच झटका येऊन ओसरला होता, हे कारखानदार विसरले नव्हते. त्यांची धास्ती खरी ठरली. नोव्हेंबर २०१६ मध्ये निर्बंधांची भाषा न करणारा उमेदवार निवडून आला, भीती गेली, मागणी कोसळली. घराघरांतले साठे तसेच पडलेले. रेमिंग्टन ही दोनशे वर्षांची कंपनी मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. तुरीचे काय झाले होते? २०१५ मध्ये डाळ दोनशे रुपये किलो झाली म्हणून सगळ्यांनी तूर पेरली आणि २०१७ च्या सुरुवातीला ५,०५० चा हमीभाव असताना खरेदी केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या. तेच हे. पुढे २०२० मध्ये कोरोना, दंगली आणि निवडणूक एकदम आली आणि गोळ्या पुन्हा गायब झाल्या. त्या वर्षी तपासण्यांचा आकडा ३ कोटी ९७ लाखांवर गेला. रेमिंग्टन मात्र त्याच वर्षी दुसऱ्यांदा दिवाळखोरीत निघाली होती. मागणीच्या ऐन पुरात तिचा गोळ्यांचा धंदा दुसऱ्याने विकत घेतला.

म्हणजे सरकार धुतल्या तांदळासारखे निघाले का? नाही. पहिली गोष्ट, त्या खात्याने लोकांच्या प्रश्नांना सरळ उत्तर द्यायला फार वेळ लावला. २०१२ च्या उन्हाळ्यात जो हिशेब एका पानावर छापता आला असता, तो बाहेर काढायला एप्रिल २०१३ मध्ये संसदीय समितीला सुनावणी घ्यावी लागली. सरकारी फाईल बंद राहिली की अफवेला पाय फुटतात. दुसरी गोष्ट, 'कमाल'चे आकडे वाटेल तसे फुगवून लिहिण्याची सवय. ज्याच्या नुसत्या कागदाने बाजार हलतो, त्याने कागद जपून लिहावा. आणि लष्कराची खरेदी ही वेगळीच बाब आहे. तिथे सरकार खरोखरच बाजार हलवते. अफगाणिस्तान आणि इराकच्या युद्धांमुळे लष्कराची लहान गोळ्यांची गरज २००० साली सुमारे ७३ कोटी होती ती २००५ पर्यंत १८० कोटींच्या जवळ गेली. पितळ, तांबे, दारू सगळ्यांना एकाच बाजारातून घ्यावी लागते.

ओक्लाहोमा राज्याचे सिनेटर जिम इनहोफ आणि प्रतिनिधी फ्रँक लुकस यांनी एप्रिल २०१३ मध्ये एक विधेयक आणले होते. लुकस स्वतः शेतकरी आणि तेव्हा तिथल्या कनिष्ठ सभागृहाच्या कृषी समितीचे अध्यक्ष. ठराविक पातळीपेक्षा जास्त साठा असेल तर लष्कर सोडून इतर सरकारी खात्यांनी सहा महिने गोळ्या घेऊ नयेत आणि या खरेदीचा बाजारावरचा परिणाम तपासावा, असा त्याचा आशय. ते मंजूर झाले नाही. व्यापाऱ्यावर साठ्याची मर्यादा लावणारे सरकार आपण पाहिले, सरकारवरच साठ्याची मर्यादा लावायला निघालेला शेतकरी प्रतिनिधी पाहून मला आनंद झाला. पण औषध रोगावर नव्हते. शंभरातले एक पोते रोखून बाकीच्या नव्याण्णवांचे काय होणार होते? तपासणीची मागणी तेवढी सोळा आणे बरोबर.

दारूचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो, कापूसवाल्यांनी ती ऐकण्यासारखी आहे. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते बनते मुख्यतः सरकीवरच्या बारीक लवेपासून. तिला लिंटर म्हणतात. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जी लव चिकटलेली राहते, तीच. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर युरोपातल्या दारूगोळा कारखान्यांच्या ध्यानात आले की आपली लव चीनमधून येते आहे, आणि त्यांना घाम फुटला. आपल्या विदर्भात भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला तोफा-बंदुकांची दारू बनते. आणि आपण? बहुतेक सरकी लव न काढता तशीच घाण्यात घालतो, लव ढेपेबरोबर म्हशीच्या पोटात जाते. लवेचे दाम करायचे तर यंत्रे लागतात. हा विषय कुणीतरी सवडीने मांडावा.

आता आपल्या काडतुसांचे. त्या पहिल्या तरुणाचा प्रश्न अजून शिल्लकच आहे. अमेरिकेत शंभर गिऱ्हाइकांतले सरकार एक आहे. आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. बारा बोअरचे काडतूस कित्येक दशके खडकीच्या सरकारी कारखान्यातूनच येत असे. बनवणारे सरकार, परवाना देणारे सरकार, किती घ्यायची ते ठरवणारेही सरकार. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या, त्यात खडकी, वरणगाव आणि भंडारा पुण्याच्या 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेले. पाटी बदलली, मालक तोच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. माझ्या वडिलांकडे अशी एक होती. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची. रोह्यांना आचारसंहिता ठाऊक नसल्याने ते मात्र फिरायचेच. नूतनीकरणाला तीन-तीन खेपा झाल्या तेव्हा वडिलांनी एक दिवस ती कायमची जमा करून टाकली.

म्हणून ओरडायचे असेल तर आपल्या सरकारविरुद्ध ओरडायला आपल्याकडे सज्जड कारण आहे. अमेरिकेतली अफवा उसनी आणण्याची गरज नाही. उलट तिच्यामुळे आपली खरी तक्रारही लोक अफवेतच काढतील. उद्या आपण डी.ए.पी.च्या टंचाईवर बोलू, तेव्हा कलेक्टर पहिला प्रश्न विचारेल की किती वॅगन आल्या आणि किती हव्या होत्या. तो आकडा आपल्या खिशात नसेल तर आपण मागच्या ओळीतले ओरडणारे ठरतो.

पुढच्या बैठकीत रानडुकरांचा विषय पुन्हा ठेवला आहे. येताना प्रत्येक तालुका प्रमुखाने दोन आकडे लिहून आणावेत. आपल्या तालुक्यात पीकसंरक्षणाचे शस्त्रपरवाने दहा वर्षांपूर्वी किती होते आणि आज किती आहेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराला तीस दिवस लागतात. बैठकीला अजून पाच आठवडे आहेत.